दाजींनी पाहिलेल्या जागा

"लिही," दाजी म्हणाले. "मराठवाड्याचे एकमेव, अचूक व अदृश्य गुप्तहेर. नजर घारीची, कान सशाचे, मेंदू..." इथं ते अडले. मेंदू कुणाचा लिहावा याचा बराच वेळ विचार केल्यावर म्हणाले, "मेंदू स्वतःचाच लिही."

मी लिहिलं. मुखेडच्या बसस्टँडसमोर माझं झेरॉक्स आणि फ्लेक्सचं दुकान आहे आणि दाजी म्हणजे माझ्या महामायाअक्काचे मालक, व्यंकटराव. त्यामुळे मजकूर त्यांचा आणि फ्लेक्स माझा. दहा बाय आठचा फ्लेक्स, त्यावर काळ्या गॉगलमधले दाजी, आणि खाली शुभेच्छुक म्हणून मला न विचारता माझाच फोटो. गुप्तहेराचा एवढा मोठा फ्लेक्स चौकात लागला तर तो गुप्त कसा राहणार, असं मी विचारून पाहिलं. दाजी म्हणाले, "गॉगल कशाला घातलाय मग?"

दाजी एसटीतून निवृत्त झालेले. नोकरीचा बराचसा काळ त्यांनी स्टँडवरच्या 'चौकशी' लिहिलेल्या खिडकीत काढला. एवढी वर्षं चौकशी केलेला माणूस पोलीस खात्यातसुद्धा सापडायचा नाही, असं ते छातीवर हात ठेवून सांगतात. वास्तविक चौकशी लोक करायचे. दाजी नुसते "येईल" म्हणायचे. देगलूरची गाडी कधी येईल, हे त्यांनी आजवर एकाही माणसाला सांगितलेलं नाही. तेव्हापासूनच त्यांच्या पोटात गोष्ट राहते, असं अक्काही म्हणते, पण तिचा सूर वेगळा असतो.

तर केस अशी. दाजींची मुलगी लुंबिनी ही आमच्या मन्याड फुटबॉल क्लबची कॅप्टन. क्लबच्या पोरी ज्या शाळेच्या मैदानावर खेळायच्या तिथं नव्या वर्गखोल्यांचा पाया खणला गेला. त्याच महिन्यात राज्याच्या संघटनेनं कळवलं, की उन्हाळा संपायच्या आत स्वतःचं मैदान दाखवा, नाहीतर क्लब लीगमधून बाद. लुंबिनी दुकानात आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला होता. ती रडणाऱ्यातली नाही, म्हणून मला जास्त वाईट वाटलं.

"मामा, लीग हाय म्हणून पोरींना घरून सोडतात," ती म्हणाली. "लीगचं पत्र दाखवलं की बाप गप बसतो. लीग गेली की पोरी गेल्या. मग मी एकटी कुणाला पास देऊ?"

क्लबला हवी होती दोन एकर सपाट जमीन, भाड्यानं. कुठल्याही शहाण्या माणसानं दहा शेतकऱ्यांना विचारलं असतं आणि विषय मिटला असता. पण लुंबिनीनं घरात हा विषय जेवताना काढला आणि दाजींनी भाकरीचा तुकडा तसाच हातात ठेवून जाहीर केलं, की ही केस आपण घेतली. मैदान हा शब्द त्यांना पटला नाही. त्यांनी स्टेडियम म्हणायला सुरुवात केली. वीस हजार माणसं बसतील एवढं. मुखेडात फुटबॉल बघणारी सगळी माणसं म्हातारी-कोतारी धरून नेऊन बसवली तरी शिल्लक जागेचं काय करायचं, हे अक्कानं विचारलं, पण ती बाई या शास्त्रातली नव्हती.

दाजींची कार्यपद्धती सांगतो. आधी गॉगल. मग एसटीच्या काळातली खाकी सफारी, कारण तिला खिसे भरपूर. एक लांबलचक टेप, लाल रंगाच्या खुंट्यांची पिशवी, आणि लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा एक बांबू. त्या बांबूचा उपयोग त्यांना माहीत नव्हता, पण तो हातात असला की माणूस उंच वाटतो म्हणून घेतलेला. मोटरसायकल माझी, पेट्रोल माझं, टेपचं दुसरं टोकही माझ्याच हातात. आणि सगळ्यांत महत्त्वाचा नियम असा, की कुणाला काही सांगायचं नाही. जागेची बातमी फुटली तर भाव वाढतील. शेतकरी बांधावर येऊन काय चाललंय साहेब म्हणून विचारायचा. दाजी गॉगल काढायचे, पुसायचे, पुन्हा लावायचे आणि म्हणायचे, "वरून ऑर्डर हाय. सध्या काही बोलता येत न्हाई."

पहिली जागा पाहिली ती रामकिशनरावांचं माळरान. नुसती टेकाडं आणि दगड, पाण्याचा थेंब नाही, सावलीला बाभूळसुद्धा नाही. त्यात जायला वाट नाही. वाट अडवून मध्ये शेषेरावांचं रान, आणि या दोघांचं बांधावरून एवढं बिनसलेलं, की लग्नात एका पंगतीला बसले तरी वाढप्यामार्फत बोलायचे. दाजींनी तरी चारही कोपऱ्यांत लाल खुंट्या ठोकल्या, टेप लावला आणि मग जागा नापास केली. "हितं चेंडू ठेवला तर थेट कंधारला जाऊन थांबेल," ते म्हणाले. या बाबतीत त्यांचं बरोबर होतं, म्हणून मुद्दाम नोंदवतो.

दुसरी जागा देगलूर रोडकडची, चंद्रप्पांची. ही मात्र तळहातासारखी सपाट. लुंबिनीला दाखवायला आठवड्याभरानं तिला घेऊन गेलो, तर त्या सपाट रानात ओळीनं खड्डे आणि खड्ड्याखड्ड्यात शेवग्याची रोपं. एका कोपऱ्यात नवाकोरा पत्र्याचा शेड, आत काहीच नाही. लुंबिनी मोटरसायकलवर जाऊन बसली. तिसऱ्या जागी पेरू. चौथ्या जागी बोर पाडायची, बोअरवेलची गाडी उभी होती आणि पांढरा धुरळा आमच्या अंगावर उडत होता.

दाजींनी त्या धुरळ्यातच पहिला सिद्धांत मांडला. यामागे मुरूडचा क्लब आहे. मन्याड बाद झाला की लीगमधली जागा त्यांना मिळणार, म्हणून ते आमच्या जागा नासवायलेत. मी म्हणालो, दाजी, मुरूड पार लातूरच्या पलीकडे, तिथून पोरं शेवगा लावायला मुखेडला येतील का? ते म्हणाले, हेच तर. कुणाला संशय येणार नाही.

म्हणून आम्ही एसटीनं मुरूडला गेलो. वेषांतर म्हणून दाजींनी गॉगल काढला, मग समोरचं नीट दिसेना म्हणून पुन्हा लावला. मुरूडचा क्लब बाजाराच्या मोकळ्या जागेवर खेळत होता. मंगळवारच्या बाजाराची उरलेली कांद्याची पातं, त्यात बांबूचे गोलपोस्ट. त्यांच्या कोचनं आम्हाला चहा पाजला आणि सांगितलं, की त्यांचीही हीच पंचाईत आहे, त्यांनाही मैदान नाही. कारस्थान्याच्या घरचा चहा पिऊन दाजी विरघळले. त्यांनी त्याच दिवशी मुरूडच्या शिवारातली एक जागा टेप लावून मोजून दिली, चार खुंट्याही ठोकल्या. पुढच्या आठवड्यात कोचचा फोन आला. त्या रानात कुणीतरी डाळिंब लावलं होतं.

"टोळी दोन जिल्ह्यांत पसरलीय," दाजी फोन ठेवून म्हणाले. त्यांना झोप लागेना एवढा आनंद झाला होता.

दुसरा सिद्धांत आला तो माझ्या अंगावर. दुकानात गर्दी असताना दाजी काउंटरवर वाकून हळू आवाजात म्हणाले, की जिथं जिथं आपण दोघं जातो तिथंच हे घडतं. म्हणजे बातमी फोडणारा आपल्या दोघांतलाच एक आहे. "आन् मी तर न्हाई," ते म्हणाले. त्या दिवसापासून ते मला जागेचं नाव आधी सांगेनात. मोटरसायकलवर मागं बसून फक्त डावीकडं, उजवीकडं म्हणायचे. एकदा उजवीकडं म्हणाले तिथं विहीर होती.

तिसरा सिद्धांत ऐकून मात्र अक्कानं परात खाली ठेवली. दाजींचं म्हणणं, खड्डे ओळीनं आहेत, सारख्या अंतरावर आहेत. असे खड्डे कोण खणतं? ज्याच्याकडं नकाशा आहे तो. निजामाचं राज्य बुडालं त्या पळापळीत त्याच्या कुण्या सरदारानं या पट्ट्यात खजिना पुरला असणार. मग त्यात रोपं का लावतात, असं मी विचारलं. दाजींनी माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. "खूण, आनंदा. खजिन्यावर खूण म्हणून झाडं लावायलेत."

इकडं मुदत संपत आली होती. संघटनेच्या निरीक्षक बाई रविवारी येणार म्हणून निरोप आला, आणि दाखवायला जागा एकही नाही. दोन पोरींच्या घरून तर आधीच निरोप आले, की उद्यापासून ती येणार नाही. लुंबिनी दुकानात येऊन बाकावर बसली आणि म्हणाली, मामा, पप्पांनी पाहिलेल्या सगळ्या जागा मला एकदा परत दाखवा. पहिल्यापासून.

म्हणून शुक्रवारी भर दुपारी आम्ही रामकिशनरावांच्या माळाकडे निघालो. दाजी आधीच तिथं जाऊन पाळतीवर बसले होते, शेषेरावांच्या बांधाला लागून असलेल्या कडब्याच्या गंजीत. ते आम्हाला दिसले नाहीत, पण गंजी अधूनमधून शिंकत होती.

माळ पाहून मी बांधावरच मोटरसायकल बंद करायचं विसरलो. टेकाडं गेली होती. जेसीबीनं सगळं खरवडून सपाट केलेलं, तांबड्या मुरमाचा नुसता पाट. एका कडेला लांबलचक पत्र्याचा शेड. त्याच्याशेजारी नवा बोर, त्यावर पाइप, पाइपातून पाणी. आणि चारही कडांनी आंब्याची रोपं. रामकिशनरावांच्या साखराबाई डोक्यावर पदर घेऊन, त्या उन्हात एकेका रोपाला तांब्यानं पाणी घालत होत्या.

आता इथं कुणीही थोर गुप्तहेर असता तर त्यानं मातीचा वास घेतला असता, पावलांचे ठसे तपासले असते. लुंबिनी सरळ साखराबाईंकडे गेली आणि तिनं विचारलं.

"काकू, एवढ्या उन्हात आंबा कामून लावायलाव?"

"रोड येणार हाय ना माय," साखराबाई म्हणाल्या. "झाडं असली, शेड असला, बोर असला, की सरकारकडून जमिनीचा मावेजा, पैसा लई मिळतो. मावेजा येईपर्यंत जगली तरी बास."

"कोण म्हणलं रोड येणार?"

"हायवेचे साहेब येऊन मोजून गेले की. काळा गॉगल, खाकी सफारी. लाल खुट्या ठोकून गेले. आन् संगं एक बारका क्लार्क व्हता, टेप धरायला."

बारका क्लार्क खाली मान घालून उभा राहिला. एवढे दिवस दोन जिल्ह्यांतली कष्टाळू माणसं आमच्या मागोमाग भर उन्हात खड्डे खणत होती, आणि त्या टोळीचे दोन्ही सरदार एकाच मोटरसायकलवर फिरत होते. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तेवढ्यात गंजी हलली आणि डोक्यावर कडबा, नाकात कडबा अशा अवस्थेत दाजी बाहेर आले. सगळं त्यांच्या कानावर पडलं होतं. सशाच्या कानांचा हा पहिलाच उपयोग.

साखराबाईंनी लगबगीनं हात जोडले. "साहेब, बरं झालं भेटलात. मावेजा कवा येईल?"

दाजींनी तोंड उघडलं. त्यांच्या मनात काय होतं माहीत नाही, पण सवय मोठी वाईट. "येईल," ते म्हणाले.

"काही येणार न्हाई," लुंबिनी म्हणाली. आणि तिनं सगळं सांगितलं. हे साहेब नाहीत, माझे पप्पा आहेत. रोड नाही, हायवे नाही. आम्ही फुटबॉलला जागा शोधत होतो आणि कुणाला सांगत नव्हतो. चूक आमची आहे, तुमची नाही.

शेडच्या सावलीत पडलेले रामकिशनराव एव्हाना उठून आले होते. ते ओरडले असते तर बरं झालं असतं. ते नुसते मटकन खाली बसले आणि त्यांनी मुठीत मुरूम घेतला. माती सगळी जेसीबीनं कडेला गेली, म्हणाले, आता हितं हुलगासुद्धा उगवायचा न्हाई. दाजींनी गॉगल काढून खिशात ठेवला. त्यांचे डोळे मी कित्येक दिवसांनी पाहत होतो. पाहवेनात. मला वाईट वाटलं, आणि त्यातलं निम्मं त्यांच्यासाठी होतं हे मी अक्कालासुद्धा सांगितलेलं नाही.

लुंबिनी मोटरसायकलकडे गेली, पिशवीतून चेंडू काढला आणि माळाच्या मधोमध नेऊन ठेवला. वारा सुटला होता तरी चेंडू जागचा हलला नाही. ती त्याच्याभोवती एक फेरी मारून परत आली आणि रामकिशनरावांसमोर उकिडवी बसली.

"काका, सपाट जमीन, पाणी, कपडे बदलायला शेड. आम्हाला एवढंच पाहिजे व्हतं. सगळं तुम्ही करून ठिवलंय. भाड्यानं द्या. हायवेएवढं मिळणार न्हाई, पर दरसाल मिळल."

रामकिशनराव मुरूम चिवडत राहिले. त्यांना हो म्हणणं जड जात होतं आणि नाही म्हणायला काही उरलं नव्हतं. शेवटी साखराबाईंनी तांब्या खाली ठेवला. पिकायचं तर हितं आता काही न्हाई, त्या म्हणाल्या, पोरी तरी खेळू द्या. माणसं बघायला येतील तर मी भजे तळीन. निर्णय झाला. दाजींनी पुढं येऊन काही बोलायचा प्रयत्न केला, तेव्हा साखराबाईंनी त्यांच्या हातात तांब्या दिला आणि उरलेली रोपं दाखवली.

शनिवारी पोरींनी दगड वेचले, फक्कीनं पांढऱ्या रेषा मारल्या, बांबूचे गोलपोस्ट उभे केले. ज्या दोघींनी येणार नाही म्हणून कळवलं होतं त्याही आल्या. रविवारी निरीक्षक बाई आल्या, त्या घामाघूम होऊन, चपला हातात घेऊन. गाडी लांब रस्त्यावर ठेवून शेषेरावांच्या बांधावरून चालत आल्या होत्या. मैदान पाहून खूश झाल्या. लांबी बरोबर, रुंदी बरोबर, पाणी आहे, शेड आहे. मग त्यांनी विचारलं, की रस्ता कुठंय? एखादी पोर पडली, पाय मोडला, तर गाडी आत आली पाहिजे. त्याशिवाय मंजुरी मिळणार नाही.

लुंबिनीचा चेहरा पांढरा पडला. या गोष्टीचा विचार कुणीच केला नव्हता. बघायला जमलेल्या गर्दीत शेषेराव होते, बांधावर, आपल्याच रानात हाताची घडी घालून. त्यांच्या रानातही दोन रांगा आंबा लावलेला होता आणि बोरही घेतलेला होता, पण तो कोरडा गेला होता. सगळे त्यांच्याकडे पाहायला लागले तसे ते म्हणाले, की माझ्यातून वाट कधी नव्हती आणि असणार नाही. बापाच्या काळापासून नाही.

दाजींना राहवेना. ते निरीक्षक बाईंना सांगू लागले, की इथून जवळच निजामाच्या काळचं भुयार असण्याची दाट शक्यता आहे. लुंबिनीनं त्यांना दंडाला धरून मागं नेलं.

बोलल्या त्या साखराबाई. त्या शेषेरावांपुढे जाऊन उभ्या राहिल्या. रामकिशनराव त्यांच्याशी बोलत नसत, पण बायकांचं तसं काही ठरलेलं नव्हतं.

"भावजी, जेसीबी हितं काय उडत आला? बोरची गाडी आली ती कुठून आली?"

सगळ्यांच्या माना एकदम खाली वळल्या. शेषेरावांच्या रानातून, आंब्याच्या दोन रांगांच्या मधून, अवजड चाकांच्या दोन चाकोऱ्या थेट माळापर्यंत आलेल्या होत्या. दाबून दाबून पक्क्या झालेल्या. गाडीच काय, एसटी गेली असती.

"ते माझ्या बोरसाठी येऊ दिली मशीन," शेषेराव पुटपुटले. "ती पुढं गेली, त्याला मी काय करू."

"आन् गावभर सांगत कोण फिरलं? रोड येणार तर माझ्यातूनच येणार म्हणून? पारावर बसून सांगितलंव. आता न्हाई म्हणलाव तर हसतील लोकं."

बांधावरची माणसं आत्ताच हसायला लागली होती. शेषेरावांनी एकदा गर्दीकडे पाहिलं, एकदा आपल्या सुकत चाललेल्या रोपांकडे पाहिलं, आणि मग निरीक्षक बाईंकडे वळून, मंत्र्यानं सांगावं तसं मोठ्यानं सांगितलं, "रस्ता हाय, बाई. माझ्यातून. आधीपासूनच ठरलेला हाय."

बाईंनी मान डोलावली आणि मंजुरीची सही केली. पोरींनी जो आरडाओरडा केला त्यानं कडब्यातली कबुतरं उडाली. लुंबिनी तेवढी ओरडली नाही. ती मैदानाच्या कडेला बसून बुटाची नाडी बांधत राहिली. नाडी बांधलेलीच होती. दाजी तिच्याजवळ गेले आणि शेजारी मुरमात बसले. खरं सांगतो, त्या दिवशी त्यांनी एकही सिद्धांत मांडला नाही.

गर्दी पांगायला लागली तशी शेषेराव आपल्या रोपांतून फिरत चाकोरीच्या टोकाशी आले. तिथं रामकिशनराव उभे होते. दोघांनी आधी आभाळाकडे पाहिलं.

"ते दोन्ही अंगची झाडं मोडायची न्हाईत," शेषेराव म्हणाले. "गाड्या जपून आणायला सांग."

मध्ये वाढपी नव्हता. रामकिशनरावांना बोलणं भाग होतं.

"मोडत न्हाईत," ते म्हणाले. "आन् पाइप लांब हाय माझा. तुझ्या झाडापर्यंत येतोय."

त्यांनी वाकून पाइप उचलला आणि चाकोरीवरून शेषेरावांच्या रानाकडे ओढत नेला.